वलंदेजी व्याकरण आणि वऱ्हाडी वाक्य

परभाषेचे व्याकरण लिहिण्याची बुद्धी मनुष्याला बहुधा दोन प्रसंगी होते: एक तर आपल्या धर्माचे वचन त्या भाषेच्या लोकांपुढे मांडावयाचे असते, किंवा त्यांच्या मुलुखात जाऊन माल खरेदी करावयाचा असतो. हॉलंडचे व्यापारी, ज्यांना आपल्या जुन्या कागदपत्रांत वलंदेज म्हटलेले आढळते, ते हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आले ते या दुसऱ्या कारणाने. आणि त्यांच्याच चाकरीतील एकाने, इंग्रजांचे हिंदुस्थानातील राज्य स्वप्नातही नसताना, हिंदुस्थानी भाषेचे पहिले ज्ञात व्याकरण डच भाषेत लिहून ठेवले. आज तो प्रवाह उलटा वाहतो आहे. मराठी मुलखातील अभियंते, संशोधक आणि त्यांच्या संसाराबरोबर गेलेल्या स्त्रिया ॲम्स्टरडॅम, आइंडहोव्हन आणि लायडन या नगरांत स्थायिक होत आहेत, आणि ज्या भाषेत एके काळी आपल्या देशातील भाषेचे व्याकरण लिहिले गेले त्या भाषेचे व्याकरण घोकण्याची पाळी आता आपल्यावर आली आहे.

या सगळ्याशी वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद या गावाचा काय संबंध, असे कोणी विचारील तर ते रास्तच आहे. वलंदेजांच्या वखारी सुरत, अहमदाबाद, भडोच, आग्रा आणि वेंगुर्ले येथे होत्या. सुरतेहून आग्र्याकडे जाणारा एक हमरस्ता बऱ्हाणपुरावरून, म्हणजे वऱ्हाडच्या वेशीला लागून जात असे, एवढीच काय ती जवळीक. तरीही रिठदचे नाव मी मुद्दाम घेतो. डच भाषा शिकताना मराठी माणसाला जे अवघड वाटते त्यातील निम्मे अवघडपण तो त्या भाषेकडे इंग्रजीच्या खिडकीतून पाहतो म्हणून निर्माण होते, आणि तीच भाषा रिठदच्या एखाद्या शेतकऱ्याच्या नित्याच्या बोलण्याशेजारी ठेवून पाहिली तर ती परकी न वाटता दूरच्या सोयऱ्यासारखी वाटू लागते, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्या मताचा आधार इतिहासातच आहे.

प्रथम या भूमीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण भाषेचा विचार येथे काल-परवा सुरू झालेला नाही. आजचे वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरात लावून दिला आहे, आणि येथील राजा सर्वसेन याने प्राकृतात हरिविजय हे काव्य रचले होते. १९३९ साली वाशीम येथे द्वितीय विंध्यशक्तीचे ताम्रपट उजेडात आले, त्यांत राजवंशाची हकीकत संस्कृतात आणि दानाचा व्यवहाराचा भाग प्राकृतात कोरलेला आहे. म्हणजे प्रतिष्ठेची भाषा एक आणि कारभाराची दुसरी, ही रीत या मुलुखात पंधराशे वर्षांपूर्वीही रुळलेली होती. वऱ्हाडातीलच रिद्धपूरच्या आसपास पुढे महानुभावांनी मराठी गद्याचा पाया घातला, आणि त्याच पंथातील भीष्माचार्यांचे पंचवार्तिक हे मराठीचे पहिले व्याकरण मानले जाते. ते चौदाव्या शतकातले आहे, आणि त्या काळी डच भाषेचे व्याकरण कोणी लिहिलेले नव्हते, हे येथेच नमूद करून ठेवतो.

डच भाषेचे पहिले छापील व्याकरण १५८४ साली निघाले. ॲम्स्टरडॅममधील एका साहित्यमंडळाने ते सिद्ध केले, त्यामागे हेंड्रिक स्पीगल या व्यापारी कवीचा हात होता, आणि स्पेनच्या राजाविरुद्ध चाललेल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या ऐन धामधुमीत त्या लहानशा देशाने आपल्या भाषेला लॅटिनच्या बरोबरीने उभे करण्याचा हट्ट धरला होता. लॅटिनच्या साच्यात डच बसवताना त्या मंडळींनी विभक्ती वगैरे जी ओढाताण केली, तीच ओढाताण पुढे आपल्याकडील पहिल्या व्याकरणकारांनी इंग्रजीच्या आणि संस्कृतच्या साच्यांसाठी केली, हा भाग वेगळा. १६३७ साली शासनाच्या आज्ञेने केलेले बायबलाचे डच भाषांतर प्रसिद्ध झाले, आणि निरनिराळ्या प्रांतांच्या बोलींतून एक प्रमाणभाषा घडविण्याच्या कामी त्याचा मोठा उपयोग झाला. नेमक्या त्याच वर्षी योहान फान ट्विस्ट हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा वकील विजापूरच्या आदिलशहाच्या दरबारी गेला आणि वेंगुर्ल्याला वखार घालण्याचा कंपनीचा मार्ग मोकळा झाला.

वेंगुर्ल्याची ती वखार पुढे काही दशके टिकली. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच गलबतांना रसद पुरविणे हे तिचे मुख्य काम होते, आणि तिचे अवशेष डच वखार या नावाने आजही उभे आहेत. मराठी बोलणाऱ्या लोकांत वलंदेज इतकी वर्षे राहिले, तर त्यांनी मराठीचे व्याकरण का लिहिले नाही? कारण साधे आहे: त्यांना त्याची निकड भासली नाही. त्या काळी किनाऱ्याकिनाऱ्याने पोर्तुगीज ही व्यापाराची सामाईक बोली होती. गोव्याच्या शेजारी तर ती येणारे दुभाषी हवे तेवढे मिळत. वलंदेज पोर्तुगीजांशी समुद्रावर लढत होते आणि जमिनीवर त्यांच्याच भाषेत सौदे करीत होते.

या मध्यस्थीचा सर्वांत बोलका नमुना कोचीनकडे सापडतो. तेथील डच अंमलदार हेंड्रिक फान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. इट्टी अच्युतन या वैद्याने मलयाळममध्ये सांगितलेली माहिती प्रथम पोर्तुगीजात उतरविली जाई आणि मग लॅटिनात जाई. कोचीनमधील तीन गौड सारस्वत ब्राह्मणांनी, रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांनी, २० एप्रिल १६७५ रोजी कोंकणी भाषेत आणि नागरी लिपीत एक प्रमाणपत्र लिहून दिले, आणि ते पहिल्या खंडात जसेच्या तसे छापले गेले. आपल्या शेजारभाषेची नागरी अक्षरे वलंदेजांच्या ॲम्स्टरडॅममध्ये कागदावर उमटली ती इतक्या लवकर. मात्र ती अक्षरे साक्षीदार म्हणून तेथे गेली होती. ती भाषा शिकण्याची गरज तेव्हाही कोणास वाटली नाही.

वलंदेज आणि मराठे यांची समोरासमोर गाठ १६७७ साली दक्षिण दिग्विजयाच्या वेळी पडली. शिवाजी महाराजांनी कर्नाटकातील आपल्या नव्या मुलुखासाठी वलंदेजांना कौल दिला आणि त्यात गुलामांच्या खरेदी-विक्रीस मनाई केली, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. कंपनीच्या वतीने या प्रकरणी आलेला हर्बर्ट द यागर हा लायडनला पौर्वात्य भाषा शिकलेला विद्वान होता. फार्सी तर त्याला येतच होती, शिवाय दक्षिणेतील भाषांचा आणि संस्कृतचाही त्याने अभ्यास केला होता. महाराजांच्या पदरी याच सुमारास रघुनाथपंत राज्यव्यवहारकोश सिद्ध करीत होते आणि दफ्तरातील फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजीत होते. एका बाजूला परभाषा काढून टाकणारा कारभार आणि दुसऱ्या बाजूला परभाषा आत्मसात करणारा व्यापारी, असे दोन भाषाव्यवहार त्या एका वर्षी शेजारी उभे होते. पण त्यातून व्याकरण निपजले नाही.

ते निपजले उत्तरेत, आणि ज्याच्या हातून निपजले तो मनुष्य एखाद्या कादंबरीला शोभेल असा होता. योहान योसुआ केटेलार याचा जन्म १६५९ साली बाल्टिक समुद्राजवळच्या एल्बिंग या गावी झाला. तो बुकबाइंडरच्या धंद्यात उमेदवारी करीत होता, मालकाला विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आळ त्याच्यावर आला, गाव सोडून पळावे लागले, आणि अखेर १६८२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत शिरून तो पुढच्या वर्षी सुरतेला पोहोचला. त्याची मातृभाषा जर्मन. म्हणजे ज्या भाषेत त्याने व्याकरण लिहिले ती डच आणि ज्या भाषेचे लिहिले ती हिंदुस्थानी, या दोन्ही त्याने वयात आल्यावर कमावलेल्या होत्या. सुरत आणि आग्रा येथील वखारींत नोकरी करता करता त्याने हिंदुस्थानी आणि फार्सी या दोन भाषांचा एक शिक्षणग्रंथ तयार केला. त्याची एक प्रत १६९८ साली लखनौला इझाक फान देर हुवन नावाच्या दुसऱ्या कंपनी-नोकराने उतरवून घेतली, आणि आज हेगच्या दफ्तरखान्यात असलेली ती हीच.

या पुस्तकाकडे आजच्या भाषाशास्त्राच्या चष्म्यातून पाहणे अन्यायाचे होईल. केटेलारने हिंदुस्थानी शब्द डच वर्णलेखनाच्या रीतीने रोमन अक्षरांत लिहिले. नामे आणि क्रियापदे त्याने युरोपीय व्याकरणाच्या तक्त्यांत बसविली, विषयवार शब्दांच्या याद्या दिल्या, आणि शेवटी ख्रिस्ती प्रार्थना व दहा आज्ञा यांची हिंदुस्थानी रूपे जोडली. पण बाजारात, मुनशीसमोर, हुंडीच्या भाषेत आणि चौकीच्या दारात जे बोलले जात होते ते टिपण्याची त्याची हौस खरी होती. दरबारी फार्सीच्या भपक्याखाली दडलेली लोकांची भाषा व्याकरणाला पात्र आहे, हे त्या काळी मोगल दरबारच्या पंडितांना जे सुचले नाही ते एका पळपुट्या बुकबाइंडरला सुचले. पुढे तो सुरतेच्या वखारीचा मुख्य झाला, १७११ ते १७१३ या काळात मोगल बादशहाकडे वकील म्हणून लाहोर व दिल्लीपर्यंत जाऊन आला, आणि १७१८ साली इराणच्या किनाऱ्यावर गोंब्रूनला वारला. त्याच्या व्याकरणाचे लॅटिन रूपांतर दाविद मिल या प्राध्यापकाने १७४३ साली लायडनला छापले. मूळ डच हस्तलिखिताकडे विद्वानांचे लक्ष वेधण्याचे श्रेय मात्र विसाव्या शतकात फोगल या डच प्राच्यविद्यापंडिताकडे जाते, जो आमच्या पुरातत्त्व खात्यात नोकरी करून मग लायडनला संस्कृतचा अध्यापक झाला होता.

मराठीच्या वाट्याला असा केटेलार आला नाही. कोंकणीचे व्याकरण थॉमस स्टीफन्सने लिहिले आणि ते १६४० साली गोव्यात रायतूरला छापले गेले. विल्यम केरीने १८०५ साली श्रीरामपूरला मराठीचे व्याकरण छापले. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे पुस्तक आले आणि १९११ साली मोरो केशव दामल्यांचा तो अजस्र ग्रंथ. या सगळ्या खटाटोपात इंग्रजी ही आपली मोजपट्टी बनली. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले, त्यानंतर येथील शाळांतही तोच कित्ता आला, आणि परदेशी भाषा म्हणजे इंग्रजी, परदेशी वाक्य म्हणजे कर्ता, मग क्रियापद, मग कर्म, असा एक पक्का ग्रह आपल्या मनात घर करून बसला. डच शिकू पाहणारा मराठी मनुष्य नेमका याच ग्रहामुळे अडखळतो.

आता प्रत्यक्ष वाक्याकडे येऊ. रिठदचा मनुष्य म्हणतो, 'मी आज रिठदला जातो.' कर्ता, काळ, स्थळ आणि शेवटी क्रियापद. इंग्रजीत यातील क्रियापद उचलून कर्त्याशेजारी ठेवावे लागते. डचमध्ये मुख्य वाक्यात क्रियापदाचे स्थान दुसरे: 'इक् खा वान्दाख नार रिठद.' (येथील ख घशातून खरडून काढावयाचा असतो, हे वाचकाने ध्यानात घ्यावे.) आरंभी 'आज' आणले तर 'वान्दाख खा इक् नार रिठद', म्हणजे क्रियापद आपली दुसरी जागा सोडत नाही, कर्ता मात्र मुकाट्याने मागे सरतो. इंग्रजीवर वाढलेला विद्यार्थी येथे हमखास चुकतो. पण या वाक्याआधी 'कारण' असा अर्थ असलेला 'ओम्दात' हा शब्द लावून ते गौण वाक्य करा, आणि चमत्कार पाहा: 'ओम्दात इक् वान्दाख नार रिठद खा.' कारण मी आज रिठदला जातो. क्रम तंतोतंत आपला. आपला 'ला' नामाच्या मागे लागतो आणि त्यांचा 'नार' पुढे उभा राहतो, एवढाच काय तो भेद.

गौण वाक्यातील हा क्रमच डचचा मूळ क्रम आहे आणि मुख्य वाक्यात क्रियापद पुढे उडी मारते, असा सिद्धान्त यान कॉस्टर या डच भाषाशास्त्रज्ञाने १९७५ साली मांडला, आणि त्यावर पुढे पुष्कळ काम झाले. हा सिद्धान्त कोणाला पटो न पटो, मराठी विद्यार्थ्याने तो शिरोधार्य मानावा. वाक्य आधी मराठी क्रमाने मनात रचावे, मग त्यातील रूप चालणारे एकच क्रियापद उचलून दुसऱ्या जागी ठेवावे. बाकीचे सगळे जेथल्या तेथे राहते. 'मी काल रिसोडला एक पुस्तक विकत घेतले आहे' या वाक्यातील 'आहे' उचलून कर्त्याजवळ नेले की डच वाक्य तयार झाले: 'इक् हेप खिस्तरन इन रिसोड एन बूक खकोख्त.' विकत घेतलेले, म्हणजे ते भूतकृदन्त, मराठीप्रमाणेच शेवटी राहिले आहे. काळाआधी स्थळ की स्थळाआधी काळ, हा इंग्रजी शिकताना छळणारा प्रश्नही येथे उद्भवत नाही, कारण डच वाक्यातही काळ आधी येतो.

वऱ्हाडी बोलीला तर याहून एक पाऊल पुढचा फायदा आहे. पुण्याकडचा मनुष्य 'मी वाचत आहे' म्हणतो. वऱ्हाडात 'मी वाचून राहिलो' म्हणतात आणि पुणेकर त्याला हसतात. चालू क्रिया दाखविण्यासाठी एखाद्या स्थितीवाचक क्रियापदाला कामाला लावावयाचे, ही युक्ती डच भाषेत सर्रास आहे. 'इक् झित ते लेझन' म्हणजे अक्षरशः मी बसतो वाचावयास, आणि अर्थ मी वाचून राहिलो. उभा राहून वाट पाहत असेल तर उभे राहण्याचे क्रियापद, लोळत असेल तर लोळण्याचे. आमच्याकडे एका राहण्यावर सगळे भागते, त्यांच्याकडे बसणे-उठणे वेगवेगळे. पण बांधणीमागची कल्पना एकाच जातीची आहे. पुणेकराचे हसू डच वर्गात उपयोगी पडणार नाही.

संख्यांची गोष्टही सांगण्याजोगी आहे. एकवीस, बावीस, तेवीस असे एकक आधी आणि दशक मागून म्हणण्याची आपली रीत. डचही एक-आणि-वीस अशा क्रमानेच मोजतात. त्यांच्या घड्याळात अडीच वाजले म्हणजे 'हाल्फ द्री', अर्धे तीन. आपले अडीच हे अर्धतृतीय या संस्कृत शब्दातूनच आलेले आहे, तेव्हा रिठदच्या शाळेत दिडकी आणि अडीचकी पाठ केलेल्या पोराला डच घड्याळ कळावयास क्षणाचाही विलंब लागू नये. इंग्रजीच्या वाटेने गेलेले मात्र अर्धे तीन म्हणजे साडेतीन समजून गाड्या चुकवितात.

लिंगाच्या बाबतीत डचने काटकसर केली आहे. पुल्लिंग व स्त्रीलिंग यांचे 'द' हे एकच उपपद झाले, नपुंसकाचे 'हेत' वेगळे राहिले. घर, पुस्तक, मूल, पाणी, गाव हे शब्द मराठीत नपुंसक आणि त्यांच्याकडेही नपुंसक, हा योगायोग प्रारंभी फार आनंद देतो. पण घोडा त्यांच्याकडे नपुंसक निघाला की तो आनंद ओसरतो. येथे पाठांतराला पर्याय नाही. लहानपणा दाखविणारा प्रत्यय लागला की कोणताही शब्द नपुंसक होतो, एवढा नियम मात्र बिनचूक आहे. आदरार्थी 'यू' आणि सलगीचा 'येइ' हा भेद आपल्याला शिकवावा लागत नाही; इंग्रजीत तो नसल्यामुळे इंग्रजांनाच तो शिकावा लागतो.

एका गोष्टीपुढे मात्र मराठी माणूस खरोखर गोंधळतो, आणि ती म्हणजे तुटणारी क्रियापदे. 'ओप्स्तान' म्हणजे उठणे. वाक्यात ते दुभंगते, 'स्तान'चे रूप दुसऱ्या स्थानी जाते आणि 'ओप' वाक्याच्या पार शेवटी जाऊन बसतो: 'इक् स्ता व्रुख ओप', मी लवकर उठतो. आधुनिक मराठीत असे काही नाही. परंतु ज्याने वेदपाठ ऐकला असेल, किंवा पाणिनीची अष्टाध्यायी चाळली असेल, त्याला हे नवे वाटू नये. कारण उपसर्ग धातूच्या आधी यावेत असे सांगून पाणिनीने लगेच पुढच्या सूत्रांत, वेदात ते धातूच्या मागेही येतात आणि मधे शब्द येऊन वेगळेही पडतात, असे नोंदवून ठेवले आहे. जे लौकिक संस्कृताने टाकले ते उत्तर समुद्राच्या काठी जिवंत राहिले.

आता पुन्हा या वऱ्हाडच्या भूमीकडे वळू. वाकाटकांवर अलीकडच्या काळात ज्या परदेशी विद्वानांनी परिश्रम घेतले त्यांत हान्स बाकर हे प्रमुख. ते हॉलंडच्या ख्रोनिंगन विद्यापीठात होते, आणि त्यांचा वाकाटकांवरील ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे डच मुलुखातील मनुष्य आमच्या विदर्भाच्या मूर्ती आणि शिलालेख वाचावयास येतो आणि त्यासाठी संस्कृत-प्राकृत शिकून येतो. आमच्याकडून तिकडे जाणाऱ्यांना मात्र भाषेची गरज कार्यालयात भासत नाही, कारण तेथे इंग्रजीवर भागते. ती भासते मुलाच्या शाळेत, डॉक्टरांकडे, नगरपालिकेच्या पत्रांत आणि अखेर नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी, जेव्हा सरकार भाषेची परीक्षा घेते. १ जानेवारी २०२२ पासून तेथे स्थलांतरितांसाठी नवा कायदा लागू झाला आणि ज्यांना तो बंधनकारक आहे त्यांच्याकडून अपेक्षिलेली भाषेची पातळीही वाढली. वलंदेजांना आमच्या भाषेवाचून वेंगुर्ल्यात निभावता आले होते. आम्हाला तेथे घर करावयाचे आहे, तेव्हा आमचे तसे निभावणार नाही.

मराठी माणसाला इंग्रजी शिकविण्याचे काम तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी केले. मराठी वाक्य पुढे ठेवून त्याचे इंग्रजी कसे होते हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकविले, आणि महाराष्ट्रातील हजारो कारकून व वकील त्या पुस्तकांवर पोसले गेले. डचसाठी तशीच एक पाठमाला व्हावयास हवी, जिच्यात पहिल्या धड्यापासून वाक्य मराठीचे असेल, दाखले गावाकडचे असतील, आणि वऱ्हाडी रूपांना हसण्याऐवजी त्यांचा उपयोग करून घेतलेला असेल. तिकडे दहा-पंधरा वर्षे काढलेल्या आणि मुलांच्या शाळेतून ती भाषा कानाने शिकलेल्या आपल्या मंडळींपैकी कोणी तरी हे काम अंगावर घ्यावे. लिहिणारा व्याकरणाचा पंडित असलाच पाहिजे असे नाही, केटेलारही नव्हता.